मातीचे दप्तर

प्रतिजैविकांना दाद न देण्याचा जिवाणूंचा गुण औषधयुगात निपजला, हा समज अर्धाच खरा होय. ज्या सूक्ष्मजीवापासून १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन मिळाले तो मातीतलाच. आणि स्वतःच्या विषापासून बचाव तर त्याला प्रथमपासूनच हवा होता. युकॉनमधील ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही प्रतिकाराची जनुके असल्याचे २०११ साली दिसून आले. मात्र नेदरलँड्समध्ये १९४० ते २००८ या काळात जपलेले मातीचे नमुने निराळी साक्ष देतात, आणि दप्तर म्हणून ते कागदाहून बोलके आहेत. त्यांच्या २०१० सालच्या तपासणीत टेट्रासायक्लिनविरोधी काही जनुके १९७० च्या दशकापेक्षा १५ पटींहून अधिक भरली. शेणखतातून औषधांचे अंश शेतात उतरतात. तांबे साठलेल्या जमिनीत तर औषधाविनाही हा गुण तगतो. कारण धातूचा व औषधाचा प्रतिकार करणारी जनुके पुष्कळदा एकत्रच वावरतात.