पाणलोटाचें काम आणि गांवच्या स्त्रिया

महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांच्या श्रमांचें स्मरण करणें हें आमचें कर्तव्य होय. चर्च, शाळा व दवाखाने ह्यांचा इतिहास अशा पुस्तकांतून पुष्कळदां येतो. परंतु ज्या जमिनीवर खेड्यांतील भाविकांचा प्रपंच चालतो, तिचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. म्हणून आम्ही येथें त्यांतील एक प्रकरण देत आहों.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेल्या अहमदनगर जिल्ह्याची (२०२४ पासून अहिल्यानगर) व्यथा जुनी आहे. पाऊस थोडा, आणि तोहि चार-दोन सरींत कोसळणारा. वर उघडे डोंगर, खालीं काळा कातळ. पाणी वाहून जातें आणि जातांना मातीहि घेऊन जातें. ह्या जिल्ह्यांत ज्या परदेशी मिशनऱ्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांत रे. फा. हर्मन बाखर ह्यांचें नांव आदरानें घ्यावें लागेल. हे येशूसंघीय धर्मगुरु १९२४ सालीं स्वित्झर्लंडांत जन्मले व १९४८ सालीं भारतांत आले. १९७२ च्या घोर दुष्काळानें सर्वांस एक गोष्ट शिकविली. विहीर कितीहि खोल नेली, तरी डोंगरावरचें पाणी जर जमिनींत मुरलें नाहीं, तर त्या विहिरीस पाझर कोठून फुटावा?

ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतील माणसें आपापल्या परीनें शोधीतच होतीं. पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे ह्यांनीं पाणीपंचायत उभारली व पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे, तर माणशीं ठरविला. राळेगणसिद्धीस अण्णा हजारे ह्यांनीं १९७५ नंतर पाणी अडविण्याचें काम चालविलें. १९८९ सालीं ह्या अनुभवास परदेशाची जोड मिळाली. फादर बाखर ह्यांच्या खटपटीनें इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा पैसा के.एफ.डब्ल्यू. ह्या बँकेकडून नाबार्डमार्फत येऊं लागला, आणि गांवकऱ्यांच्या शिक्षणास जी.टी.झेड. ह्या जर्मन संस्थेचें साहाय्य झालें. पुढें १९९३ सालीं फादर बाखर व श्री. क्रिस्पिनो लोबो ह्यांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली.

पैसा परदेशाचा असला तरी काम गांवाचें, हा ह्या योजनेचा पाया होता. गांवानें प्रथम श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, आणि ग्रामसभेनें आपली पाणलोट समिति निवडावी, अशा अटी असत. काम माथ्याकडून पायथ्याकडे जाई. आधीं डोंगरावर समतल चर व झाडें, मग शेतांची बांधबंदिस्ती, व शेवटीं ओढ्यांवर बंधारे. आधींच बंधारा घातला, तर तो एक-दोन पावसाळ्यांत गाळानें भरून जातो, हें त्याचें साधें कारण.

संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें गांव ह्या कार्याचें उदाहरण म्हणून परदेशांतहि प्रसिद्ध झालें. १९९६ च्या सुमारास तेथें शेतमजुरीचें काम वर्षांतून तीन-चार महिने मिळे. पांच-सहा वर्षांनंतर तें नऊ-दहा महिने मिळूं लागलें. परंतु ह्या यशाची किंमत कोणी दिली, हें झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चराईबंदीनें मेंढपाळांचे व भूमिहीनांचे कळप अडले. कुऱ्हाडबंदी झाली, तेव्हां सरपणासाठीं दूर जाण्याचे कष्ट बायकांच्या वांट्यास आले. पाणी आल्यावर विहीर ज्याच्या शेतांत त्याचा लाभ मोठा. ज्याला शेतच नाहीं, त्याला बहुतांशीं मजुरीच.

स्त्रियांस निर्णयांत स्थान नसेल तर धर्मार्थ केलेलें कामहि त्यांच्या शिरावरील भार वाढवितें, हा धडा कार्यकर्त्यांनीं घेतला. म्हणून बचत गट स्थापिले गेले, व त्या गटांची मिळून गांवोगांवीं संयुक्त महिला समिति उभी राहिली. पिण्याचें पाणी, जळण व परसबाग ह्यांस पुरुषांच्या सभेंत शेवटचें स्थान मिळे. तेच विषय बायकांच्या सभेंत पहिले आले.

१९९९-२००० मध्यें भारत सरकार व नाबार्ड ह्यांनीं मिळून २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधि उभारला. परदेशी मदतीनें लावलेलें रोप अशा रीतीनें ह्या भूमींत रुजलें. फादर बाखर २०२१ सालीं प्रभूच्या भेटीस गेले.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें साल महिला शेतकऱ्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. परंतु जगानें दिलेला मान घरच्या दारांतून आंत यावयास वेळ लागतो. सुगीच्या वेळीं वेदीजवळ आणलेलें धान्य बहुधा बाईनेंच निंदलेलें, खुडलेलें व पाखडलेलें असतें. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र तिचें नांव क्वचितच आढळतें. परदेशांतून पैसा येतो, विद्या येते, सहानुभूतिहि येते. तें नांव लिहिण्याचें काम मात्र ज्याच्या त्याच्या घरींच व्हावयाचें आहे. पुढील महोत्सवाचा इतिहास लिहिणाऱ्यास अशीं पुष्कळ नांवें सांपडोत, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.