पाणी जवळ आलं, पण जड झालं

आमटीतली डाळ दडदडीत राहिली, की बोलणी कोण खातं? घरातली बाई. कपड्यांचा पांढरेपणा गेला, केस राठ झाले, गिझर बिघडला, तरी आपल्याच वापराला नावं ठेवली जातात. आज आम्ही खऱ्या कारणाबद्दल बोलणार आहोत, म्हणजे नळाच्या जड पाण्याबद्दल. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही.

पावसाचं पाणी मुळात हलकं असतं. जमिनीत मुरताना ते खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. खडकात जास्त काळ राहिलं, की बहुधा जास्त जड होतं. आपल्या आज्या-पणज्यांना हे अनुभवानं ठाऊक होतं. पिण्याचा आड वेगळा, वापरायचा वेगळा. पागोळ्यांखाली घागर मांडायची. डोकं धुवायला रिठा आणि शिकेकाई. साबणाची जड पाण्यात चिकट साय होते, तशी रिठ्याच्या फेसाची होत नाही.

मग बोअर आली. १९६०च्या दशकाच्या शेवटी युनिसेफच्या मदतीनं कठीण खडकात झपाट्यानं भोक पाडणारी यंत्रं भारतात आली. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातले आड आणि विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा बोअरचं महत्त्व पटलं. सुरुवातीचे बिडाचे हापसे सारखे मोडायचे. जालन्यात आणि मग सोलापुरात मजबूत हापसे घडले, आणि त्यांच्याच अनुभवावर पुढे ‘इंडिया मार्क २’ हा हापसा तयार झाला. नंतर अनेक गावांत बोअरचं पाणी टाकीत चढलं आणि नळानं घरात आलं. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे उपकार मोठेच. पण खोलातलं पाणी बरेचदा जड निघालं. त्याच सुमाराला, १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली निर्मा बाजारात आले. जड पाण्यातही फेस देणारी ही पावडर घरोघर शिरली. धुण्याचा प्रश्न बराचसा सुटला, चुलीवरचा राहिला.

डाळीच्या दाण्यांना बांधून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट धरून बसतं, म्हणून डाळ मऊ होत नाही. यात सुगरणपणाचा काय संबंध?

उपाय काय? तुरटीनं गाळ बसतो, पण जडपणा जात नाही. जडपणा दोन प्रकारचा असतो. एक उकळल्यावर बराच कमी होतो आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. ते पाणी निवू द्या, वरचं अलगद ओता आणि त्यात डाळ शिजवा. दुसरा उकळूनही जात नाही. धुण्याच्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवला, तर दोन्ही प्रकारांत फायदा होतो. भांड्यावरचा थर लिंबानं किंवा व्हिनेगरनं निघतो. मीठ घालून चालणारं सॉफ्टनर यंत्र आंघोळीला, धुण्याला चांगलं. पण त्यातून पाण्यात सोडियम येतं, म्हणून पिण्याचा नळ वेगळा ठेवावा. आरओमुळे जडपणा जातो, पण बरंच पाणी बाहेर पडतं. ते फरशीला, संडासाला वापरा.

मात्र यंत्र घेण्याआधी पाणी मोजा. मोजण्याची ही वाट १८४१च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी दाखवली. टिकाऊ फेस येईपर्यंत किती साबण लागतो, यावरून ते जडपणा ठरवत. आपणही करू शकतो. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत सारखाच साध्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. डिटर्जंट नको. फेसातला फरक डोळ्यांना दिसेल.

आकडा हवा तर प्रयोगशाळा आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला. दुसरा स्रोतच नसेल, तर ६००पर्यंत चालतो. फ्लोराइड आणि नायट्रेटही तपासून घ्या, कारण तब्येतीला खरा धोका त्यांचा आहे. जडपणानं मुख्यतः घरकामाचा त्रास वाढतो. मुतखड्याचं खापरही जड पाण्यावर फुटतं, पण कमी पाणी पिणं हे त्याचं मोठं कारण आहे.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. नसतील, तर आपली नावं द्या. पाणी आपण भरलं, आपण तापवलं, बोलणीही आपणच खाल्ली. आता ते मोजायलाही आपणच शिकू या.