विश्लेषण : जंगल सफारीत वाघापासून किती अंतर राखायचे? नियम काय सांगतात?

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या वाहनांनी अडवली. चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरताच वन विभागाने चालक आणि गाइड यांच्यावर निलंबन व दंडाची कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. वाघीण त्या दिवशी शांत राहिली, मात्र पर्यटकांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला.

नियम काय आहेत?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यानुसार पर्यटकांनी कोणत्याही वन्यप्राण्यापासून २० मीटरहून अधिक अंतर राखायचे असते. प्राणी दिसल्यावर दोन वाहनांमध्ये किमान ५० मीटर अंतर हवे आणि एका वाहनाने १५ मिनिटांहून जास्त वेळ तिथे थांबायचे नाही. प्राण्याला घेरणे, खाऊ घालणे किंवा आमिष दाखवणे यावर पूर्ण बंदी आहे. अभयारण्यात वन्यप्राण्यांना डिवचणे आणि कचरा टाकणे यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसारही मनाई आहे.

जिप्सीतून उतरायचे का नाही?

रोज वाहने पाहणाऱ्या वाघाला जिप्सी म्हणजे एक मोठी, निरुपद्रवी वस्तू वाटते. त्यातून कुणी खाली उतरले, उभे राहिले किंवा हात बाहेर काढला की हे चित्र बदलते. बछडे सोबत असलेली वाघीण तर जराशा हालचालीनेही आक्रमक होऊ शकते. वाहनांनी दोन्ही बाजू रोखल्यास प्राण्याला निघून जायला वाट उरत नाही. अशा वेळी बिथरलेला प्राणी वाहनावरही धावून येऊ शकतो.

मोबाइलवर बंदी कशासाठी?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही. सेल्फीच्या नादात पर्यटक वाहनाबाहेर झुकतात. शिवाय ‘वाघ इथे आहे’ असा एक फोन गेला, की सगळ्या जिप्सी एकाच जागी धाव घेतात.

पायी फिरताना काय करावे?

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी पर्यटक पायी फिरतात आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. त्यामुळे अंधार पडण्याआधी बाहेर पडावे. लहान मुलांना पुढे किंवा मागे एकटे सोडू नये. झुडपांजवळ खाली बसणे टाळावे, कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा भासू शकतो. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये. मुलाला जवळ घ्यावे, ताठ उभे राहून मोठ्याने आवाज करावा आणि सावकाश मागे सरकावे. आग्या मोहोळ दिसल्यास मात्र उलट वागावे. आवाज, धूर आणि उग्र अत्तर टाळून तिथून गुपचूप दूर व्हावे. संकटात सापडलेला वन्यप्राणी दिसल्यास महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.

जबाबदारी कुणाची?

नियम मोडल्यास पहिली कारवाई चालक आणि गाइडवर होते. हे बहुतेक जण जंगलालगतच्या गावांतले असतात आणि निलंबन झाले की त्यांची रोजची कमाई थांबते. ‘अजून थोडे जवळ घ्या’ हा आग्रह मात्र अनेकदा मागच्या आसनावरून होतो. त्यामुळे गाइडने ‘नाही’ म्हटल्यावर ते ऐकणे हाही पर्यटकांच्या सुरक्षेचाच भाग आहे.