पत्रकाच्या तळाची ओळ

श्रोतेहो, निवडणुकीच्या दिवसांत दाराच्या फटीतून आत सरकवलेले एखादे पत्रक घरात कुठे पडलेले असेल, तर ते जरा हाती घ्या. वर उमेदवाराचा फोटो असेल, निशाणी असेल, जोडलेले हात असतील. पण नजर अगदी तळाशी न्या. तिथे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ असते : मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, राहणार अमक्या गावी. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. आज तिचीच हकीकत सांगायची आहे.

ही ओळ १८६७ सालची. सत्तावन्नच्या बंडाला दहा वर्षे झाली होती, छापखाने वाढत होते, आणि इंग्रज सरकारने कायदा केला की, छापलेल्या प्रत्येक कागदावर छापणाराचे व प्रसिद्ध करणाराचे नाव-गाव असलेच पाहिजे. उद्या मजकूर खटकला तर कोणाच्या दारावर थाप मारायची, ते सरकारला ठाऊक असावे, एवढाच त्यातला अर्थ. परक्या राज्याची ती सोय होती, यात शंका नाही.

गंमत अशी की, स्वराज्य आले तरी ती ओळ आपण ठेवली. उलट पक्की केली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली १२७-क हे कलम घातले गेले. निवडणुकीचे पत्रक छापून घेणाराने सही करून आपली ओळख द्यायची, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष घालायची, आणि छापखानेवाल्याने ते कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. राजधानीच्या शहरात असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. चुकले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता हेतू बदलला होता बरं का! पूर्वी सरकारला बंडखोर हुडकायचा होता; आता मतदाराला कळायला हवे होते की हे कोण बोलतो आहे.

त्या कलमात एक बारीक सवलत आहे. हाताने उतरवून काढलेल्या नकलांना हा नियम नाही. बरोबरच आहे, एक माणूस बोटे दुखेपर्यंत लिहून लिहून किती चिठ्ठ्या लिहील? पन्नास? शंभर? ही सवलत ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

आता कोणी म्हणेल, निनावीपणात वाईट ते काय? बेचाळीसच्या चळवळीत गुप्त पत्रके निघाली, त्यांच्यावर नाव घालून कोण फाशी ओढवून घेणार होता? खरे आहे. जुलमापुढे नाव लपवावेच लागते. पण त्याच बेचाळीसच्या ऑगस्टात उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जे गुप्त केंद्र चालवले, त्याची रीत पाहा. जागा सांगत नसत, ती तर सारखी बदलावी लागे. परंतु बोलणारे कोण, ते आधी सांगत : हा काँग्रेस रेडिओ आहे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस येऊन पोचले तोवर त्यांनी हा शिरस्ता सोडला नाही. आमच्या सरकारी रेडिओचेही तसेच, आधी केंद्राचे नाव, मग बातमी. अर्थात इथे बरीच वर्षे एकट्या सरकारचाच आवाज होता; निवडणुकीत निरनिराळ्या पक्षांना बोलायला वेळ मिळू लागला तो १९७७ साली, हेही सांगितलेच पाहिजे.

मग आला टेलिफोन. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत घरोघर घंटी वाजली, आणि पलीकडून खुद्द पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा आवाज! आवाज ध्वनिमुद्रित होता, तुम्ही काही विचारले तर उत्तर नव्हते. त्यांचा पक्ष ती निवडणूक हरला. तरी एक गोष्ट होती. आवाज कोणाचा ते शेंबड्या पोरालाही कळत होते.

ती ओळ खरी पुसली गेली ती मोबाइलवर. २०१३ च्या ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने उमेदवारांना फेसबुक, ट्विटरवरची आपली खाती जाहीर करायला लावली, तिथल्या जाहिराती आधी तपासून घ्यायला सांगितल्या. ठीक झाले. पण खरी गर्दी होती व्हॉट्सॲपच्या गटांत. तिथे निरोप येतो तो आपल्या भाच्याकडून, शेजाऱ्याकडून, शाळेतल्या सोबत्याकडून. मूळ कोणी लिहिला, पैसे कोणी मोजले, हे त्या भाच्यालाही ठाऊक नसते. आणि आता ती सवलत आठवा. हाताने नक्कल करणे! अंगठा एकदा दाबला की नकला शेकड्यांनी निघतात, आणि कुठल्याच तळाशी ओळ नाही.

उलट नाव घालून बोलणाऱ्यांचे काय झाले? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका मुलीने, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकावर स्वतःच्या नावाने चार शब्द लिहिले, दुसरीने ते पसंत केले. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम त्यांना लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केले.

निनावी निरोपाचा हिशेब मात्र धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला चुकता झाला. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या भागात कितीतरी दिवस मोबाइलवरून हिंडत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षेला आलेले. जमावाने त्यांना मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही गेले. त्या वर्षी देशभर जी एक चित्रफीत खूप फिरली, ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. शेवटी उचललेले मूल परत आणून देतात, तो तुकडा कोणी तरी कापून टाकला होता. कोणी कापला, आजही कोणी सांगू शकत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. २०२१ साली सरकारने नियम केला की, मोठ्या निरोप-कंपन्यांना आदेश मिळाल्यास पहिला पाठवणारा दाखवून द्यावा लागेल. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, एकाचा माग काढायचा म्हणजे सगळ्यांच्या पत्रांचे कुलूप मोडावे लागेल. गुरुजी, हा वाद वर्गात मांडून पाहा. वरच्या इयत्तेतली मुले दोन्ही बाजूंनी भांडतील, आणि दोन्ही बाजूंत दम आहे. सरकारच्या हाती असा माग दिला तर पालघरच्या मुलींसारख्यांना तो आधी लागेल, ही भीती काही पोकळ नव्हे. आणि राईनपाड्याला न्यायासाठी पहिला पाठवणारा कोणाला नको आहे?

१८६७ चा तो जुना कायदा १ मार्च २०२४ पासून गेला, त्याच्या जागी नियतकालिकांपुरता नवा आला. निवडणुकीच्या कागदी पत्रकावर मात्र ती बारीक ओळ १२७-क प्रमाणे अजून छापावी लागते.