तुपायाचें चित्र

एक इंग्रज गृहस्थ कापडाचा तुकडा पुढें करीत आहे व त्याच्या मोबदल्यांत एक माओरी पुरुष मोठी शेवंड देत आहे, असें १७६९ सालचें एक लहानसें रंगीत चित्र लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहे. तें काढणारा कोणी युरोपियनच असावा असा पुष्कळ काळ समज होता. पुढें जोसेफ बँक्स यांचें १८१२ मधील एक पत्र १९९७ सालीं उजेडांत आलें आणि चित्रकार तुपाया हा होता, हें कळलें.

रायातेआ बेटाचा हा पुरोहित व निष्णात नाविक कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावर ताहितीहून चढला होता. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर तो आपल्या भाषेंत बोलला, आणि काय आश्चर्य! माओरी लोकांस ती समजली. वंश एकच, पण मध्यें अडीच हजार मैलांचा समुद्र व कित्येक शतकांचा काळ. मग देवांविषयीं, पूर्वजांविषयीं गोष्टी निघाल्या. ताहितीच्या सालीच्या वस्त्राचें तर माओरींस फार मोल. कारण ज्या झाडापासून तें होतें, तें त्यांच्या थंड हवेंत नीट वाढत नसे. ही सारी देवघेव केवळ 'कुकच्या शोधां'त जमा करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

डिसेंबर १७७० मध्यें तुपाया बटाव्हियास वारला. १७७३ सालीं कुक पुनः न्यूझीलंडास आला, तेव्हां माओरी लोक तुपायाचीच विचारपूस करूं लागले.