विद्यार्थ्याचे ताट : हालेपासून साताऱ्यापर्यंत

पुण्याहून पंढरपुराकडे जाणाऱ्या वाटेवर, माळशिरस तालुक्यात, नातेपुते हे गाव आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी येथे मुक्कामास असते आणि त्या दिवशी गावातील चूल घरापुरती राहत नाही. येथून जवळच शिखर शिंगणापूर आहे. चैत्रात मुंगी घाटाने कावडी ज्याच्या भेटीस चढतात, तो तेथील शंभु महादेव भोसले घराण्याचे कुलदैवत होय. याच घराण्यातील शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी इ. स. 1676 च्या सुमारास तंजावरास आपले राज्य स्थापिले. नातेपुत्याचे नाते जर्मनीतील एका लूथरपंथी विद्यापीठाशी लावू गेल्यास वाचक कदाचित हसतील. परंतु शिंगणापुराहून तंजावरास आणि तंजावराहून हाले नगरास जाणारा एक धागा खरोखरच आहे, आणि तो विद्यार्थ्याच्या जेवणाच्या ताटावरून जातो, असे आमचे मत आहे.

हाले हे जर्मनीतील मिठाच्या झऱ्यांवर जगणारे जुने नगर. तेथे 1694 साली विद्यापीठ स्थापन झाले. ज्या व्हिटेनबर्ग विद्यापीठात मार्टिन लूथर अध्यापक होता, त्याच्या मानाने हे अगदी नवे. येथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके हा प्राध्यापक एका वस्तीचा धर्मोपदेशकही होता. दानपेटीत सापडलेल्या लहानशा रकमेवर त्याने 1695 मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिच्याभोवती अनाथाश्रम, छापखाना व औषधालय उभे राहिले. त्याची खरी कल्पकता मात्र भोजनगृहात दिसते. विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्यांस आश्रमात फुकट जेवण मिळे. त्याच्या मोबदल्यात त्यांनी आश्रमाच्या शाळांतून मुलांस शिकवावयाचे. एका प्रहरी विद्यार्थी, तर दुसऱ्या प्रहरी शिक्षक! यात भिकेची लाज नव्हती, आणि शिकविता शिकविता स्वतःचे शिकणेही पक्के होई. आश्रमात देशोदेशींच्या चमत्कारिक वस्तूंचा व निसर्गातील नमुन्यांचा एक संग्रहही होता. पुस्तकातील शब्दाबरोबर वस्तूही डोळ्यांनी पाहावी, हा तेथील शिक्षणाचा दुसरा विशेष.

या विद्यापीठाची दारे काही वेळा अनपेक्षित माणसांसाठीही उघडली. आजच्या घाना देशात जन्मलेला आंटोन विल्हेल्म आमो हा आफ्रिकी तरुण 1727 मध्ये येथे शिकावयास आला व पुढे स्वतः अध्यापक झाला. 1754 मध्ये डोरोथेआ एर्क्सलेबेन या स्त्रीने येथूनच वैद्यकाची पदवी मिळविली. जर्मनीत असा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

पण या चित्राची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ख्रिस्तान वोल्फ या तत्त्वज्ञाने 1721 मध्ये येथेच व्याख्यान देऊन असे प्रतिपादिले की, ख्रिस्ती धर्म ठाऊक नसलेल्या चिनी लोकांनीही केवळ बुद्धीच्या बळावर उत्तम नीती साधली. फ्रांकेच्या पक्षाचे धर्मपंडित खवळले, आणि 1723 मध्ये प्रशियाच्या राजाने वोल्फला फाशीचा धाक घालून अठ्ठेचाळीस तासांत राज्याबाहेर घालविले. जो हात ताट वाढतो, तो हात तोंडही बंद करू शकतो, हे हालेने असे दाखवून दिले.

याच हालेचे विद्यार्थी त्सीगेनबाल्ग व प्ल्यूत्शाउ हे 1706 मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगंबाडी बंदरात उतरले. त्सीगेनबाल्ग मुलांबरोबर वाळूत अक्षरे गिरवून तमिळ शिकला. त्याने दक्षिणेतील देवदेवतांवर ग्रंथ लिहिला. पण मिशनऱ्यांना मूर्तिपूजा उखडावयास पाठविले आहे, तिची वर्णने युरोपात पसरावयास नाही, असे म्हणून फ्रांकेने तो छापू दिला नाही. तो प्रसिद्ध व्हावयास 1867 साल उजाडले.

पुढे 1750 मध्ये हालेचाच एक विद्यार्थी, ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ, या किनाऱ्यावर आला. तंजावरच्या तुळजाजीराजांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला की, 1787 मध्ये मृत्युसमयी त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या दत्तक पुत्राची, सरफोजीची, काळजी त्याच्यावर सोपविली. गादीवर अमरसिंग बसला आणि लहानगा सरफोजी जवळजवळ कैदेत पडला. श्वार्ट्झने खटपट करून त्याची सुटका करविली व 1793 मध्ये त्यास मद्रासेस नेऊन शिक्षणाची सोय लावली. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आला. परंतु त्याच वर्षी श्वार्ट्झ वारला होता. शिष्याने गुरूच्या स्मरणार्थ इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मरणशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला मराठा राजा त्यात दिसतो.

आम्हांस येथे विशेष वाटते ते हे की, शिष्य ख्रिस्ती झाला नाही. तो शैवच राहिला. बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या कुळाचा इतिहास त्याने 1803 मध्ये मराठीत कोरविला आणि उतारवयात काशीयात्राही केली. गुरूपासून त्याने धर्म घेतला नाही, विद्या घेतली. 1799 च्या तहाने कंपनीने राज्यकारभार काढून घेतल्यावर उरलेली सर्व शक्ती त्याने तिकडेच लाविली. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला, नवविद्या कलानिधि शाळा काढली, आणि देवनागरी छापखान्यातून 1806 मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापविले. मुंबई-पुण्यास मराठी मुद्रणाचा पत्ता नसताना हे घडले! शिवाय त्याच्या छत्रांतून वाटसरूंस अन्न मिळे, तसेच मुलांसाठी शिक्षक नेमलेले असत आणि तेथे शिकणाऱ्या मुलांच्या जेवणाचीही तरतूद असे. ही कल्पना सर्वस्वी हालेहून आली असे आम्ही म्हणत नाही. अन्नछत्राची परंपरा या भूमीत फार जुनी आहे. दोन परंपरा एका ताटावर भेटल्या, इतकेच.

तरी पंक्तीचे भेद राहिलेच. लूथरपंथी देवळांतही जातीजातींच्या बसावयाच्या जागा निराळ्या होत्या, मग छत्रांची काय कथा! ते काम महाराष्ट्रात भाऊराव पाटलांनी केले. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा आरंभ झाला आणि 1924 मध्ये साताऱ्यास त्यांचे वसतिगृह निघाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेविले नाही. 1947 मध्ये साताऱ्यास महाविद्यालय निघाले, तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणासही लागू झाले. भाऊरावांनी फ्रांकेचे चरित्र वाचले होते काय, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. गरिबाला शिकवू निघालेला प्रत्येक जण शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी येतो.

आम्ही महाविद्यालयात अध्यापन करीत असल्यामुळे हे दार आम्हांस परिचयाचे आहे. प्रवेशाच्या दिवसांत गुणपत्रिका उत्तम असूनही मागच्या मागे परत जाणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. शुल्काची माफी मिळते, पुस्तकेही मिळतात. महिन्याची खानावळ मात्र परवडत नाही. ज्ञानाच्या संधीविषयी आम्ही व्यासपीठांवरून बोलतो, आणि ती संधी एका डब्यापाशी अडून बसते.

म्हणून या इतिहासातून आम्हांस तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. विद्यार्थ्यास ताट द्यावे, ही हालेची शिकवण. ताटाच्या बदल्यात त्याचे मन मागू नये, ही श्वार्ट्झ व सरफोजी यांच्या नात्याची. हाले स्वतः तेथे चुकले. आणि ताट एकाच पंक्तीत मांडावे, ही साताऱ्याची. वारीच्या वाटेवरील नातेपुत्यास यातील पहिली गोष्ट कोणी शिकवावयास नको. एका मुक्कामापुरते जे गाव सहज करते, ते तीन वर्षांच्या अभ्यासक्रमापुरते आपल्या संस्थांस का करता येऊ नये, एवढेच विचारून आम्ही लेखणी खाली ठेवितो.