विक्का : नवख्यांचा प्रवेश व अभ्यास

विक्का हा आधुनिक विचक्राफ्टमधील सर्वांत परिचित पंथ. तो विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आकाराला आला. देवी आणि शिंगधारी देव यांची उपासना, पौर्णिमेचे मेळे, वर्षाचे आठ सण व जादूविधी ही त्याची मुख्य अंगे. सर्वमान्य धर्मग्रंथ किंवा मध्यवर्ती धर्मपीठ नसल्यामुळे कोणाकडून शिकायचे आणि कुठे थांबायचे, हे नवख्याला स्वतःच ठरवावे लागते.

अभ्यासाची सुरुवात इतिहासापासून करावी. गेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा मलायात सीमाशुल्क खात्यात नोकरी केलेला इंग्रज. निवृत्तीनंतर, १९३९ मध्ये, न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे तो सांगे. १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ख्रिस्तपूर्व काळातला धर्म छळ सोसत लपून तगला, हा त्यातला दावा मार्गारेट मरे यांच्या १९२१ मधील सिद्धांतावर उभा होता. इतिहासकारांनी तो सिद्धांत नाकारला आहे. फ्रीमेसनांचे विधी, गूढविद्येची मंडळे, रोमँटिक कवींची निसर्गभक्ती आणि लोककथा यांतून पंथ कसा घडत गेला, हे रॉनल्ड हटन यांनी ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९) या ग्रंथात उलगडून दाखवले. युरोपात नव्वद लाख ‘चेटकिणी’ मारल्याचा आकडा जुन्या पुस्तकांत भेटतो. आजचे अभ्यासक तो चाळीस ते साठ हजारांच्या आसपास मानतात. मारली गेलेली ती माणसे कोणत्याही गुप्त धर्माची अनुयायी नव्हती. विधींची पुस्तके हाती घेण्याआधी हटन वाचावेत. पंथ तरुण आहे म्हणून तो पोकळ ठरत नाही, पण प्राचीनतेच्या भरवशावर आलेला माणूस पुढे हमखास निराश होतो.

या बाबतीत डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) यांचे उदाहरण मोलाचे आहे. १९५३ मध्ये गार्डनरकडून दीक्षा घेतल्यावर त्याच्या विधिग्रंथात गूढविद्येचा अभ्यासक अलिस्टर क्रोली याचे लेखन उसने आलेले त्यांनी ओळखले, त्याला तसे सांगितले आणि बराच भाग नव्याने लिहून काढला. पुढे मतभेद झाले तेव्हा त्या मंडळातून बाहेर पडल्या. गुरूला प्रश्न विचारणे पंथाच्या आरंभापासून चालत आले आहे, ते असे.

विक्काच्या गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन या परंपरांत प्रवेश फक्त मंडळातून, म्हणजे ‘कोव्हन’मधून मिळतो. दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबण्याची रूढी आहे. ही मुदत दोन्ही बाजूंनी पारखण्यासाठी असते, म्हणून ती कमी करून देणाऱ्यापासून सावध राहावे. या परंपरांत दीक्षेचे पैसे घेणे निषिद्ध मानतात. काही मंडळे विधी विवस्त्र करतात आणि वरच्या दीक्षेत स्त्री-पुरुष मीलनाचा, बहुधा सुरी व चषक यांच्या रूपाने केलेला, प्रतीकात्मक विधी असतो. हे नवख्याला आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. जे ऐनवेळी सांगितले जाते, त्याला संमती म्हणता येत नाही.

अमेरिकेतील आयझॅक बोनेविट्स यांनी १९७९ मध्ये एखादा गट घातक आहे का हे पडताळण्याची तपासणीसूची प्रसिद्ध केली. सभासदांच्या पैशावर आणि लैंगिक जीवनावर नेत्याचा ताबा किती, बाहेरचे वाचन व टीका किती खपते, सोडून जाणाऱ्याला किती अडवले जाते, अशा प्रत्येक मुद्द्याला एक ते दहा गुण द्यायचे. ही सूची कोणत्याही धर्मगटाला लावता येते. नवख्यासाठी याहून उपयोगी साधन क्वचितच सापडेल.

मंडळ न मिळाल्यास एकट्याने साधना करता येते. स्कॉट कनिंगहॅम यांच्या १९८८ च्या पुस्तकाने हा मार्ग रूढ केला. त्यातून सोपेपणा आला, तशी उथळ पुस्तकांची लाटही आली. सुरी, कांडी, चषक यांची खरेदी लांबवावी. नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. आठ सण उत्तर युरोपच्या ऋतूंवर बेतलेले आहेत. ऑस्ट्रेलियातील अनेक साधक ते सहा महिन्यांनी फिरवतात. पावसाळा हाच वर्षाचा कणा असलेल्या महाराष्ट्रातील साधकाला आपल्या ऋतूंचा वेगळा विचार करावा लागेल.

भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला जाहीरपणे विक्कन म्हणवून या पंथाची ओळख करून दिली. मराठी वाचकाने मात्र करणी, भानामती आणि बाईला डाकीण ठरवून होणारा छळ यांची विक्काशी गल्लत करू नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार चमत्काराच्या दाव्याने लुबाडणे, सर्पदंशासारख्या प्रसंगी वैद्यकीय उपचारांपासून रोखणे आणि कोणावर करणीचा ठपका ठेवून त्याचे जगणे मुश्कील करणे हे गुन्हे आहेत. विक्काचे नाव पुढे करून कोणी असे केले, तरी हा कायदा त्यालाही लागू होतो.